गाडी दारात आली, पण मालक कोण झालं?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा, आणि घरात गाडीवेडं पोरगं असेल तर त्यालाही शेजारी बसवा.

गेली दोन-तीन वर्षं प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपवर एक जाहिरात फिरतेय. जर्मन कंपनीची दोन दारांची लालभडक स्पोर्ट्स कार, खाली ओळ: "नवीन किंमत ९० लाख, आता फक्त २४ लाख, सिंगल ओनर, दिल्ली पासिंग, पेपर क्लिअर." आणि शेवटी हमखास, "सिरियस पार्टीनेच फोन करावा." २४ लाखांत तर आजकाल बरी एसयूव्हीसुद्धा येत नाही. मग तेवढ्याच पैशात गल्लीत विमान उतरवायला कोणाला आवडणार नाही?

सुरुवातीलाच सांगतो, ही पोस्ट स्वप्न बघणाऱ्यांची टिंगल करायला लिहिलेली नाही. कोणी बुलेटचं स्वप्न बघतं, कोणी बंगल्याचं, कोणी पोर्शचं. कष्टाचा पैसा आहे, ज्याचा त्यानं ठरवावा. ऊस गेल्यावर ट्रॅक्टर घ्या म्हणणारे आणि पगार वाढल्यावर फ्लॅट घ्या म्हणणारे सल्लागार आपल्याकडे पायलीला पन्नास आहेत, त्यात माझी भर नको.

माझं म्हणणं वेगळं आहे. जुनी महागडी गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा गाडी पुढे पळते आणि कागद मागे राहतात. या मधल्या अंतराची किंमत गाडीत बसलेला माणूस भरत नाही. ती भरतो गाडी विकून मोकळा झालो असं समजणारा जुना मालक, नाहीतर पुढचा भाबडा गिऱ्हाईक, नाहीतर रस्त्यावरून चालणारा तुमच्या-माझ्यासारखा कोणीतरी. म्हणून हा विषय शौकिनांपुरता नाही, सगळ्यांचा आहे.

आधी, ती इतकी स्वस्त का?

गाडी स्वस्त झाली म्हणजे विकणाऱ्याला कीव आली असं नाही. त्यामागे सरळ हिशोब आहे.

पहिलं कारण घसारा. महागडी गाडी पहिल्या चार-पाच वर्षांत जितकी पडते तितकी साधी गाडी पडत नाही. नवी ९० लाखांना घेऊ शकणाऱ्याला जुनी नको असते आणि जुनी घेणाऱ्याला खर्चाची भीती असते. मधे गिऱ्हाईकच कमी, म्हणून भाव पडतो.

दुसरं कारण दिल्ली. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं केवळ वयावरून कारवाई करू नका असा दिलासा दिला, पण मधल्या वर्षांत दिल्लीतल्या चांगल्या चांगल्या गाड्या मुदत संपायच्या आत बाहेरच्या राज्यांत स्वस्तात निघाल्या. आपल्याकडे रस्त्यावर "डीएल" नंबरच्या एवढ्या आलिशान गाड्या दिसतात, त्यामागे ही गोष्ट आहे. त्यातल्या सगळ्याच वाईट असतात असं नाही. काही खरंच नीट ठेवलेल्या असतात. पण स्वस्त का, हे ठाऊक असलेलं बरं.

तिसरं कारण कोणी जाहिरातीत लिहीत नाही. गाडीची किंमत पडते, सुट्या भागांची पडत नाही. २४ लाखांना घेतलेल्या गाडीचं ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्सचं बिल ९० लाखांच्या गाडीचंच येतं. शोरूमचा सल्लागार बिल काढताना तुम्ही गाडी केवढ्याला घेतली ते विचारत नाही. कार्बन-सिरॅमिक ब्रेकच्या चकत्या बदलायची वेळ आली तर त्या पैशात एक साधी नवी गाडी दारात उभी राहते. पहिल्या मालकानं नेमकं ते बिल यायच्या आधीच गाडी विकायला काढलेली असते, हे खूपदा घडतं.

आणि आपले रस्ते! भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकरची उंची १० सेंटिमीटर असावी. स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली जागाच असते साधारण दहा ते बारा-तेरा सेंटिमीटर. स्विफ्टला ती सोळाच्या वर आहे. म्हणजे सरकारी मानकातला स्पीडब्रेकरच जेमतेम पार होणार. आपल्याकडचे गावोगावचे स्पीडब्रेकर तर ग्रामपंचायतीच्या राजकारणानुसार घातलेले, त्यांना मानक कुठलं? चेंबर घासला की तेल गळतं, आणि त्या गाडीचा फिटर जिल्ह्यात नसतो. टो करून पुण्या-मुंबईला न्यायची, तीही पाटा खाली येणाऱ्या ट्रकवर, साध्या क्रेनला लटकवून नाही.

हे सगळं तुमच्या खिशाचं झालं. खिसा तुमचा, निर्णय तुमचा. आता जे तुमच्यापुरतं राहत नाही, त्याकडे येतो.

नुसत्या सहीवर विकलेली गाडी

आपल्याकडे जुनी गाडी विकायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सही करायची, तारीख कोरी ठेवायची, आधार-पॅनची झेरॉक्स द्यायची, पैसे मोजून घ्यायचे, नारळ फोडायचा. एजंट म्हणतो, "साहेब, नावावर होईल महिन्याभरात, टेन्शन नको." गाडी मग त्याच्याकडून दुसऱ्या डीलरकडे, तिथून तिसऱ्याकडे, तिथून कुठल्या तरी पोराकडे. आरसी बुकात नाव मात्र तुमचंच.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत, दुसऱ्या राज्यात विकली तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं. घेणाऱ्यानं ३० दिवसांत. आणि नाही कळवलं तर? फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं "नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार" या खटल्यात ते स्पष्ट केलं. गाडी मूळ मालकाकडून पुढे हातोहात विकली गेली होती, अपघात झाला तेव्हा ती भलत्याच माणसाच्या ताब्यात होती, पण नोंद मूळ मालकाच्याच नावावर. न्यायालयानं सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात सापडलेल्या माणसानं खऱ्या मालकाच्या शोधात गाडीच्या मागे दारोदार हिंडायचं नाही, हा त्यामागचा विचार. मला तो शंभर टक्के पटतो.

पण याचा अर्थ नीट समजून घ्या. तुम्ही गाडी विकून सहा महिने झालेत, पैसे खर्चून झालेत, आणि एक दिवस समन्स येतं. कुठल्या तरी हायवेवर, कुठल्या तरी पोरानं, तुमच्या नावाच्या गाडीनं कोणाला तरी उडवलंय. साधी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. चार-पाच सेकंदांत शंभरावर जाणारी गाडी असेल आणि ती रीलसाठी रात्री दोनला बायपासवर फिरत असेल, तर ही शक्यता किती वाढते, ते तुम्हीच ठरवा.

विम्याचंही तसंच. गाडी विकली की तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्यानं गाडीबरोबर पुढे जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप जात नाही, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. अनेक जण हप्ता भरलेला आहे एवढंच बघतात. आरसीवर एकाचं नाव, पॉलिसीवर दुसऱ्याचं, गाडी तिसऱ्याकडे. क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करते, आणि त्यात तिचं फारसं चुकतही नाही.

१,७५८ रुपयांची गोष्ट

१९ मे २०२४ ची पहाट पुण्यात कोणी विसरलेलं नाही. कल्याणीनगरला एका पोर्श टायकाननं बाईकवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, हा आरोप. रक्ताच्या नमुन्यांचं प्रकरण, निबंधाची अट, सगळं आपण महिनोन्‌महिने वाचलं. पण त्यातला एक तपशील मला अजून टोचतो. ती गाडी जुनी नव्हती, कोरी होती. कर्नाटकातल्या तात्पुरत्या नोंदणीवर पुण्यात आली होती, कायम नोंदणी झालीच नव्हती. आरटीओत भरायचं बाकी शुल्क किती होतं? १,७५८ रुपये. परिवहन खात्यानंच ते सांगितलं.

कोट्यवधीची गाडी आणि दीड-पावणेदोन हजारांची पावती नाही. पैसा नव्हता म्हणून राहिलं का? नाही. कोणी विचारणार नाही ही खात्री होती म्हणून राहिलं. नव्या गाडीची ही तऱ्हा, तर तीन राज्यं आणि चार डीलर फिरून आलेल्या जुन्या गाडीची काय असेल?

आपल्याकडे पोलीस बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोलर फिरवतात, फोटो पेपरात येतात. त्याला माझा विरोध नाही, कान किटतात. पण परराज्याच्या नंबरची दोन-दोन वर्षं इथेच फिरणारी स्पोर्ट्स कार चौकात थांबवून "कागद दाखवा" म्हणताना तुम्ही किती वेळा बघितलंय? तिच्यासोबत सेल्फी काढताना जास्त बघितलं असेल.

परराज्याची पाटी आणि आपला खड्डा

कलम ४७ म्हणतं, परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते आणि इथला कर भरावा लागतो. हा कर चुकवण्यासाठीच सगळा खेळ आहे.

महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी कर, आणि परदेशातून आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला २० टक्के. आता गंमत बघा. या कराला कमाल मर्यादा आहे. ती २० लाख होती, जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. म्हणजे ५ कोटींची आयात गाडी घेणारा ३० लाख भरतो, जेमतेम ६ टक्के. १ लाखाची दीडशे सीसीची बाईक घेणारा डिलिव्हरी बॉय मात्र ११ टक्के भरतो. इतकी सवलत असूनही काहींना तोही कर जड जातो आणि गाडी पुदुच्चेरीच्या पत्त्यावर नोंदवली जाते, कारण तिथला कर त्याहून किती तरी कमी.

२०१७ मध्ये केरळात हेच प्रकरण गाजलं होतं. नामवंत सिनेकलाकारांच्या आलिशान गाड्या पुदुच्चेरीतल्या भाड्याच्या नाहीतर खोट्या पत्त्यांवर नोंदवल्याचे आरोप झाले, गुन्हे दाखल झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा केरळातच सीमाशुल्क खात्यानं छापे घातले, या वेळी भूतानमधून चोरट्या वाटेनं आणलेल्या जुन्या महागड्या गाड्यांसाठी. त्या भारतात आणून कागद बनवून, नोंदणी करून विकल्या जात होत्या असा संशय. अशी गाडी घेणाऱ्यानं पैसे रोख, पांढरे, कसेही मोजले असतील, खातं गाडी जप्त करून घेऊन जातं. मग "मला काय माहीत" म्हणत बसा.

आणि करमाफीचं म्हणाल तर आपल्या लाडक्या सचिनची फेरारी आठवा. २९ शतकांची ब्रॅडमनशी बरोबरी केल्याबद्दल फियाटनं २००२ मध्ये त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली, ती शूमाकरच्या हस्ते. गाडी भारतात आणताना साधारण १ कोटी १३ लाखांचं सीमाशुल्क माफ करायचं सरकारनं ठरवलं. देशभर ओरड झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी ते शुल्क फियाट कंपनीनं भरलं. पुढे २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली गेली. सचिनवरचं प्रेम कुणाचं कमी झालं नाही, पण लोकांनी प्रश्न विचारला आणि तिजोरीत पैसे आले. लोकांच्या देवाला जो नियम लागू झाला, तो गल्लीतल्या भाऊ-दादांना लागू व्हायला काय हरकत आहे?

रस्त्यावरच्या खड्ड्याला शिव्या सगळेच घालतात. पण त्याच रस्त्यावर बाहेरच्या पाटीची गाडी मिरवणाऱ्याला खड्ड्याबद्दल बोलायचा अधिकार मी तरी देणार नाही.

नियम आहे, पण भिंतीवर दिसतो का?

डीलरच्या बाबतीत केंद्र सरकारनं एक चांगलं काम केलंय, ते सांगायला हवं. डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले, १ एप्रिल २०२३ पासून लागू. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तुम्ही गाडी त्याच्या ताब्यात दिली की दोघांनी ते ऑनलाइन कळवायचं. त्यानंतर ती विकली जाईपर्यंत गाडीचा मालक डीलरच समजला जातो, अपघात, चलान, सगळ्याची जबाबदारी त्याची. ट्रायल किंवा दुरुस्तीसाठी गाडी बाहेर काढली तर वहीत नोंद ठेवायची.

किती छान नियम! कोऱ्या सह्यांचा सगळा घोळ एका फटक्यात संपतो. आता तुमच्या गावातल्या, शहरातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात फेरी मारा आणि ते प्रमाणपत्र कोणाच्या भिंतीवर दिसतंय ते बघा. गणपतीचा फोटो दिसेल, "उधार मागून लाजवू नका" दिसेल. प्रमाणपत्र दिसलं तर त्या माणसाशी व्यवहार करा आणि इथे कमेंटमध्ये आनंदानं सांगा.

मीटर खोटं बोलतं

जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत "फक्त १८,००० किलोमीटर" हमखास असतं. ते खरं असू शकतं, कारण अशा गाड्या कमीच चालतात. पण आकडा लॅपटॉप जोडून मागे नेता येतो, हे कुठलंही गॅरेज सांगेल.

बेल्जियमनं यावर साधा उपाय केला. २००६ पासून तिथे "कार-पास" नावाचा कागद आहे. गाडी गॅरेजला, टायरवाल्याकडे, तपासणीला, कुठेही गेली की तिथले किलोमीटर एका ठिकाणी नोंदले जातात, आणि जुनी गाडी विकताना तो कागद द्यावाच लागतो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळचे किलोमीटर, खरं तर मैल, नुसता गाडी नंबर टाकून कोणीही फुकट बघू शकतं. यात रॉकेट सायन्स काय आहे? आपल्याकडे पीयूसी काढताना गाडी समोर उभी असते, पाटीचा फोटो निघतो. तिथेच मीटरचा एक फोटो काढा, वाहन पोर्टलवर टाका. विमा नूतनीकरणाला टाका, सर्व्हिसिंगला टाका. दोन वर्षांत मीटर मागे फिरवणाऱ्यांचं दुकान बंद.

आणि कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हाही गैरसमज. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या अपघातात गेला, ती २००५ सालची पोर्श करेरा जीटी होती. तपासात अतिवेग हे मुख्य कारण निघालंच, पण गाडीचे टायर नऊ वर्षांहून जुने होते हेही नमूद झालं. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. शेडमध्ये उभी असलेली गाडी बाहेरून चकाचक दिसते आणि तिचे टायर, रबरी नळ्या, बेल्ट आतून वाळलेले असतात.

"श्रीमंतांचे चोचले, आम्हाला काय त्याचं?"

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो.

पहिलं, ही गाडी आता फक्त श्रीमंतांची राहिलेली नाही. नवी घेणारा श्रीमंत असतो. तिसऱ्या हाताची घेणारा हप्त्यावर घेणारा पंचविशीतला पोरगा असतो, जमिनीचे पैसे आलेलं घर असतं, परदेशातून परतलेला इंजिनिअर असतो. फसतो तो हा. पहिल्या मालकाला काही होत नाही.

दुसरं, हेच कोरे फॉर्म, हेच मागे फिरवलेलं मीटर, हाच पुरात बुडालेल्या गाडीला नवं कव्हर चढवून विकायचा धंदा साध्या वॅगनआरलाही लागू आहे. मोठ्या गाडीत तो ठळक दिसतो एवढंच.

आणि तिसरं, रस्ता सगळ्यांचा आहे. त्या गाडीखाली येणारा माणूस तिची किंमत विचारून येत नाही. त्याच्या घरच्यांना भरपाई मागायला एक खरं नाव आणि चालू विमा लागतो. कागद नीट असणं ही त्यांच्यासाठी ठेवलेली किमान माणुसकी आहे.

घ्यायचीच असेल तर

बिनधास्त घ्या. फक्त हे करा:

१) इंजिनचा आवाज ऐकायच्या आधी वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहनवर नंबर टाका. कितवा मालक, बँकेचा बोजा, विमा, पीयूसी, नोंदणीची मुदत सगळं दिसतं. ई-चलान वेगळं तपासा.

२) आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः डोळ्यांनी जुळवा. "असतो हो तोच" यावर विश्वास नको.

३) परराज्यातली असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इथला कर किती बसेल ते आरटीओत विचारून किमतीत धरा. २४ लाखांची गाडी तिथेच २७ची होऊ शकते.

४) बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. तोंडी "लोन संपलंय" चालत नाही.

५) त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये पैसे भरून तपासणी करा, सर्व्हिसची जुनी नोंद मागा. विकणारा तपासणीला नाही म्हणाला की नमस्कार करून निघा.

६) टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ३४१७ म्हणजे २०१७ सालचा ३४वा आठवडा. सहा-सात वर्षांच्या पुढचे असतील तर नवीन टायरांचे पैसे किमतीतून वजा करा.

७) एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत. आता पंपावर तेच मिळतं. मॅन्युअल बघा, वर्कशॉपला विचारा, मग ठरवा.

८) खरेदी किमतीच्या निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. हा माझा ठोकताळा आहे. तेवढे नसतील तर ती गाडी तुम्हाला परवडत नाही, फक्त घेता येते.

विकणाऱ्यांना एकच सांगणं. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. तारीख टाका, घेणाऱ्याचं नाव टाका, आणि नावावर झाल्याचं पोर्टलवर स्वतः बघेपर्यंत फाईल कपाटात जपून ठेवा.

मागणी काय?

परिवहन खातं, आपले आमदार-खासदार, जे कोणी वाचत असतील त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक जिल्ह्यातल्या अधिकृत जुन्या गाडी विक्रेत्यांची यादी आरटीओच्या दारावर आणि वेबसाइटवर लावा. पीयूसी, विमा आणि हस्तांतरण या तिन्ही वेळी मीटरचा आकडा नोंदवा आणि तो कोणालाही फुकट बघू द्या. परराज्यातल्या गाड्यांसाठी महिन्यातून एक दिवस खास तपासणी ठेवा, सुरुवात सगळ्यात महागड्या गाड्यांपासून. आणि कराची ती कमाल मर्यादा काढा, किंवा निदान ती का आहे ते बाईकवाल्याला समजावून सांगा.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा करायला दहा वर्षं लागणार नाहीत. एक-दोन नियम आहेतच, बाकीच्यांना एक अधिसूचना पुरेल.

तोवर तुमच्या दारात जुनी फेरारी उभी राहो की जुनी मारुती, आरसी बुक उघडा आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते आज रात्रीच बघा. विकलेल्या गाडीचंही बघा. निम्म्या लोकांना झोप येणार नाही, पण उद्या सकाळी आरटीओच्या रांगेत तरी दिसतील.

तुमच्या विकलेल्या गाडीचं चलान तुम्हाला आलंय का? आलं असेल तर कमेंटमध्ये लिहा, नावं टाळून. ज्याच्या घरी गाडी विकायची चाललीय, त्याला ही पोस्ट जरूर पाठवा.